लायनफिशच्या शिकारीचं कार्ड: कुठलं घ्यायचं, कुठे घ्यायचं आणि त्याआधी काय शिकायचं

सांगलीहून एका ताईंनी विचारलंय: ‘गेल्या हिवाळ्यात अंदमानात ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचं पहिलं कार्ड घेतलं. आता सहा महिने भावाकडे फ्लोरिडाला जाणार आहे. तिथे लायनफिश (पंख्यासारखे पर आणि विषारी काटे असलेला मासा) मारायला लोकांना मुद्दाम बोलावतात आणि त्याचा वेगळा स्पेशालिटी कोर्सही असतो, असं कळलं. तो इथेच, मालवणला किंवा अंदमानात उरकून गेले तर चालेल का? नक्की कुठली कार्डं लागतात? पोहण्याची काळजी नाही, कृष्णेत लहानपणापासून पोहतेय.’

मी कराडचा. फ्लोरिडात आणि कॅरिबियनमध्ये डायव्हिंग इन्स्ट्रक्टर म्हणून काम केलं. लायनफिश मारले, इतरांना मारायला शिकवलंही. आता साताऱ्यात राहून नवशिक्यांना तरण तलावात तयार करतो आणि पुढे कोकणात पाठवतो. त्यामुळे या प्रश्नाची दोन्ही टोकं मला माहीत आहेत.

आधी सरळ उत्तर. फ्लोरिडात लायनफिश मारायला सरकार कुठलंही कार्ड मागत नाही. पोल स्पीअर (रबर ताणून सोडायचा भाला), हवाईयन स्लिंग (गलोलीसारख्या रबराने सोडायचा भाला), हातजाळं किंवा फक्त लायनफिशसाठी बनवलेला भाला वापरणार असाल तर हौशी मासेमारीचा परवानाही लागत नाही. किती मारायचे आणि केवढे मारायचे, यालाही मर्यादा नाही. कार्ड मागतो तो बोटवाला आणि टाकी भरून देणारा दुकानदार. त्यांना तुमचं डायव्हिंगचं कार्ड बघायचं असतं, शिकारीचं नव्हे. शिकारीचा म्हणून जो कोर्स प्रसिद्ध आहे तो पॅडी या डायव्हिंगची कार्डं देणाऱ्या संस्थेचा ‘इन्व्हेसिव्ह लायनफिश ट्रॅकर’. तो चांगला आहे, जरूर करा. पण इथे नको, तिकडेच करा, आणि यादीत सगळ्यात शेवटी ठेवा. त्याच्या आधी बॉयन्सी (पाण्यात अधांतरी स्थिर राहणं), नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनच्या मिश्रणावरचं डायव्हिंग) आणि रेस्क्यू (बचाव), याच क्रमाने. ही तीन इथून करून गेलात तर पैसे खरंच वाचतील.

इथे का नको? कारण लायनफिश आपल्या समुद्रात परका नाही. हिंदी महासागर, तांबडा समुद्र, पश्चिम पॅसिफिक हे त्याचं घर. अंदमानात एखाद्या कपारीखाली उलटा लटकलेला तुम्ही पाहिलाही असेल. इथे त्याला ओळखणारे भक्ष्य मासे आहेत, त्याच्याशी स्पर्धा करणारे शिकारी आहेत, त्याचे परजीवी आहेत. शतकानुशतकांचा हिशेब बसलेला आहे. इथे भाला चालवून प्रवाळाचं काही भलं होत नाही, एक स्थानिक मासा तेवढा कमी होतो. शिवाय मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे आणि त्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. अंदमानातल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाचंही तसंच. तिथे भाला घेऊन पाण्यात उतरलात तर पर्यावरणप्रेमी म्हणून नव्हे, शिकारी म्हणून पकडल्या जाल. ‘आम्ही इथेच प्रॅक्टिस करून देतो’ असं एखादा इन्स्ट्रक्टर म्हणाला, तर बाकीचे कोर्सही त्याच्याकडे करू नका.

अटलांटिकमध्ये चित्र उलटं आहे. तिथे तो १९८५ साली फ्लोरिडात डानिया बीचजवळ पहिल्यांदा सापडला. आला बहुधा हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांमधून. मोठा झाला, बाकीचे मासे खाऊ लागला, दिला समुद्रात सोडून. पुढची पंधरा वर्षं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. २००० नंतर तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दिसू लागला, २००४ च्या सुमारास बहामात पोचला आणि २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात. एक मादी वर्षाला वीस लाखांच्या घरात अंडी सोडते. अंडी चिकट गोळ्यांत तरंगतात, पिल्लं आठवडेच्या आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात, त्यामुळे एका खडकावरून हाकलला तरी दुसऱ्या देशातून नवी भरती येते. तिथल्या लहान माशांना हा पंखे पसरून संथपणे येणारा प्राणी शत्रू वाटतच नाही. बहामात छोट्या, सुट्या प्रवाळखडकांवर एकेक लायनफिश सोडून केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. पाच आठवड्यांत त्या खडकांवर नव्याने येणाऱ्या स्थानिक माशांची भर ७९ टक्क्यांनी घटली. भाला हातात घेण्याचं समर्थन आहे ते एवढंच, आणि ते त्या समुद्रापुरतं आहे. भूमध्य समुद्रातही सुएझ कालव्यातून तो शिरलाय. सायप्रसला आता तीच डोकेदुखी आहे.

(जाता जाता: टाकीतला मासा बाहेर सोडण्याची खोड आपल्याकडेही आहेच. काच साफ ठेवायला आणलेला सकर मासा हातभर झाला की लोक पुण्य समजून तो नदीत सोडतात. चिलापी आणि बंदी असलेला आफ्रिकन मांगूर आपल्या नद्या-धरणांत शिरले ते मात्र मत्स्यपालनातून. कृष्णेत स्कूबा करून ते मारता येतील का, असंही मला लोक विचारतात. नाही. त्या गढूळ पाण्यात हात पुढे केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. ते काम जाळ्याचं आहे.)

आता ‘ट्रॅकर’ कोर्समध्ये काय असतं ते सांगतो. थोडा वर्ग: हा मासा आला कसा, राहतो कुठे, विष कुठे असतं, स्थानिक कायदा काय. मग हत्यार आणि मारलेला मासा ठेवायचा डबा हाताळणं, आणि मग इन्स्ट्रक्टरबरोबर समुद्रात प्रत्यक्ष काम. आटोपशीर प्रकरण आहे. तो सगळेच इन्स्ट्रक्टर शिकवत नाहीत, म्हणून जाण्याआधी भावाला जवळच्या दुकानात चौकशी करायला सांगा. कोर्स मिळाला नाही तरी अडत नाही. फ्लोरिडातल्या ‘की लार्गो’ इथे मुख्यालय असलेली ‘रीफ’ ही संस्था लायनफिश पकडण्याच्या कार्यशाळा घेते आणि २००९ पासून ‘डर्बी’ म्हणजे शिकारीच्या स्पर्धाही भरवते. एखाद्या डर्बीत स्पर्धक म्हणून न जाता मासे मोजायला, साफ करायला स्वयंसेवक म्हणून एक दिवस उभ्या राहा. अनुभवी लोकांचे हात बघून जे समजतं ते पुस्तकात सापडत नाही.

खरी अडचण कोर्सच्या बाहेर आहे, आणि तिथे तुमचं कृष्णेतलं पोहणं उपयोगाचं तर नाहीच, थोडं आडच येतं. वाईट वाटून घेऊ नका. आयर्विन पुलावरून पुरात उड्या टाकणारी पोरं मी शिकवलीत. पाण्याची भीती नसते ही त्यांची मोठी जमेची बाजू. पण नदीत पोहणाऱ्याचे हात सतत चालू असतात आणि श्वास तो धरून ठेवतो. स्कूबात दोन्ही चुकीचं. इथे हात गप्प ठेवायचे आणि श्वास कधीही रोखायचा नाही. टाकीतली हवा छातीत धरून थोडंसं जरी वर आलात तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. पोहणाऱ्यांना हे सांगून कळतं, पण अंगात मुरायला वेळ लागतो. मासा समोर आला, नेम धरला की श्वास आपोआप थांबतो. छाती भरलेली असेल तर शरीर हलकं होऊन वर सरकतं, मग खाली राहायला पाय झाडले जातात आणि फिन्स मागच्या प्रवाळावर आपटतात. मासा वाचतो आणि ज्याला वाचवायला आलो त्या प्रवाळाची फांदी तुटते. हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलंय की शिकारीची परवानगी देण्याआधी मी फक्त एकच गोष्ट बघायचो: हा माणूस तळापासून हातभर वर, आडवा, काहीही न हलवता, नुसत्या श्वासावर स्थिर राहू शकतो का?

म्हणून पहिलं कार्ड ‘पीक परफॉर्मन्स बॉयन्सी’. कागदोपत्री फक्त दोन डाइव्हचा कोर्स आहे, त्यामुळे लोक त्याला हसतात. त्यावर थांबू नका. तलावात टाकी लावून सराव करता येत असेल तर हे करा: दोरीला बांधलेलं चमच्याएवढं काहीतरी पाण्यात मध्यावर टांगा, हातात तीन फुटी काठी घ्या आणि शरीर न हलवता काठीचं टोक त्याला टेकवून ठेवा. आता दोन्ही हात काठीवर गुंतलेत, म्हणजे अंगातल्या फुगणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरायला हात मोकळा नाही. नेमकी हीच अवस्था शिकारीच्या वेळी असते. पोल स्पीअरचं रबर ताणून धरताना एक हात पूर्ण अडकतो, दुसऱ्यात टॉर्च किंवा डबा असतो. वजनाचा पट्टाही याच सरावात ठरतो. आपल्याकडे पर्यटकाला पटकन खाली न्यायचं म्हणून जादा वजन बांधायची पद्धत पडलीय, आणि तीच सवय पुढे वर्षानुवर्षं राहते. वजन जास्त असलं की जॅकेटमध्ये हवा जास्त भरावी लागते आणि मग माणूस कुठेच स्थिर होत नाही.

हत्यार साधं असतं. आखूड पोल स्पीअर, टोकाला तीन किंवा जास्त दाती. लायनफिश पळत नाही, आपल्या काट्यांवर त्याचा भरवसा असतो. त्यामुळे लांबून नेम मारण्यात काही अर्थ नाही. टोक माशापासून वीतभर अंतरावर येईपर्यंत सावकाश जायचं, डोक्याच्या मागे मारायचं आणि दाती आरपार गेली याची खात्री झाल्याशिवाय भाला वर उचलायचा नाही. मग माशासकट भाला डब्याच्या एकमार्गी तोंडात घालून ओढून घ्यायचा, मासा आतच अडकतो. हात माशाला कुठेच लागत नाही. मागे जिवंत प्रवाळ असेल, मासा कपारीत खोल असेल, किंवा हवेचा काटा परतीच्या आकड्याला टेकला असेल, तर मारायचं नाही.

आणि चुकायचं नाही. वारंवार शिकार होणाऱ्या खडकांवरचे लायनफिश दिवसा कमी फिरतात आणि खोल दडून बसतात, असं बहामातल्या अभ्यासात दिसलंय. माझा अनुभवही तोच. नवशिक्याने जखमी करून सोडलेला मासा पुढच्या दहा जणांना सापडत नाही. पहाटे आणि संध्याकाळी ते बाहेर पडतात, पण अंधुक उजेडात भाला चालवणं हे काम अनुभवी जोडीचं.

विषाबद्दल लोक एकतर फार घाबरतात किंवा अजिबात घाबरत नाहीत. काटे १८: पाठीवर १३, पोटाखाली २ आणि शेपटीकडे खालच्या बाजूला ३. बाजूचे पंख्यासारखे भव्य पर दिसायला भयंकर, पण त्यांत विष नाही. काटा लागला की वेदना अशी उठते की माणसाला पाण्यात थांबवत नाही, आणि खरा धोका तिथे आहे. वीस-पंचवीस मीटरवरून घाबरून सरळ वर धाव घेतली तर काट्यापेक्षा ती धावच जीवघेणी ठरेल. म्हणून डाइव्ह शांतपणे संपवायची, जोडीदाराला खूण करायची, नेहमीच्या वेगाने वर यायचं, वाटेतला नेहमीचा थांबा घ्यायचा. बोटीवर काट्याचा तुकडा आत राहिलाय का बघून जखम गरम पाण्यात बुडवायची, ४५ अंश सेल्सिअसच्या वर नाही, अर्धा ते दीड तास. हे विष प्रथिनांचं असल्याने उष्णतेने मोडतं. पाणी किती गरम आहे ते चांगल्या हाताने तपासा. दुखरा हात भाजला तरी कळत नाही. श्वास लागणं, अंगावर गांधी उठणं, चक्कर, असं काही दिसलं तर थेट दवाखाना. शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला तरी हाच उपचार, त्यामुळे कोकणातही हे ज्ञान वाया जात नाही. मेलेल्या माशाचे, अगदी बर्फात ठेवलेल्या माशाचेही काटे विषारीच असतात. साफ करताना आधी कात्रीने काटे उडवायचे. मांस बिनविषारी, पांढरं आणि घट्ट असतं. मी रवा लावून तळायचो, सुरमईची आठवण भागते. काही बेटांजवळच्या माशांत सिग्वाटेरा नावाचं वेगळं विष असू शकतं आणि ते शिजवून जात नाही. तिथे खाण्याआधी स्थानिकांना विचारा.

रेस्क्यू डायव्हरचा कोर्स मी या सगळ्यासाठीच आधी करायला सांगतो. तो तुम्हाला शिकार शिकवत नाही, पण जोडीदाराच्या डोळ्यांतली घाबरगुंडी ओळखायला शिकवतो. त्याआधी ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर करून घ्या, ते तसंही हवंच: ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर, ॲडव्हान्स्डची ३०. मेक्सिकोच्या आखातातले बरेच लायनफिश बुडालेल्या जहाजांवर आणि कृत्रिम खडकांवर, तीस मीटर आणि त्याखाली असतात. चाळीस मीटरपर्यंतचं डीप डायव्हरचं कार्ड असतं, पण पहिल्या सहा महिन्यांत तिकडे बघू नका. मासे मोजायच्या नादात खोलीवर हवा किती झपाट्याने उडते याचं भान राहत नाही. फ्लोरिडाच्या कीज बेटांजवळ उथळ पाण्यातही भरपूर काम आहे.

नायट्रॉक्सचं कार्ड सोपं आहे, त्यासाठी पाण्यातही उतरावं लागत नाही. वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहायला पॅडीच्या तक्त्यात साध्या हवेवर १८ मीटरला ५६ मिनिटं मिळतात, ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणावर नव्वदच्या आसपास. मात्र त्याच ३२ टक्क्यांना खोलीची मर्यादा साधारण ३४ मीटर. माशाच्या मागे त्याखाली गेलात तर ऑक्सिजनच विष होतो.

जागेप्रमाणे कायदा बदलतो, हे पक्कं लक्षात ठेवा. फ्लोरिडातही जिथे भाल्याची मासेमारी बंद आहे तिथे लायनफिशची सबब चालत नाही, आणि काही संरक्षित पट्ट्यांत वेगळा परवाना लागतो. केमन बेटांत पर्यावरण खात्याचा परवाना हवा. बोनेरच्या सागरी उद्यानात इतर सगळी भाल्याची शिकार बंद असून लायनफिशसाठी तेवढं ‘एल्फ’ नावाचं हत्यार प्रशिक्षित स्वयंसेवकांना देतात. तुमच्याकडचं ट्रॅकरचं कार्ड म्हणजे यातला कुठलाही परवाना नव्हे. मारलेला मासा शार्कला किंवा हेकरूला भरवायची जी ‘गंमत’ काही गाइड करतात, ती कुणी दाखवली तर त्या बोटीवर परत जाऊ नका. त्या माशांना माणूस दिसला की खाणं मिळतं हे कळतं आणि पुढच्या बिनभाल्याच्या डायव्हरमागे ते लागतात.

इथे असताना हात शिवशिवत असतील तर तेवढीच उपयोगाची कामं आहेत. प्रवाळात अडकलेली जाळी सोडवायला ‘डाइव्ह अगेन्स्ट डेब्रिस’ कोर्स चांगला. त्यात कात्री, पिशवी आणि बॉयन्सी एकत्र सांभाळावी लागते, म्हणजे शिकारीचीच रंगीत तालीम. मासे ओळखण्याचा कोर्सही करा. आणि आपल्या प्रवाळाला छळणारा परका बघायचाच असेल तर तो मासा नाही, शैवाल आहे. शेतीसाठी आणलेलं कप्पाफायकस मन्नारच्या आखातात क्रुसडाई बेटाजवळ जिवंत प्रवाळावर पसरलं, आणि ते हातानेच उपटून काढावं लागतं.

आता खास आपल्या भागातल्या लोकांसाठी, कारण हे कुठल्याच परदेशी पुस्तकात नसतं. मालवणहून रविवारी दुपारी शेवटची डाइव्ह संपवून लोक तसेच गाडीत बसतात आणि संध्याकाळी करूळ, फोंडा किंवा आंबोली चढतात. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि डायव्हिंगमध्ये अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. डायव्हिंगनंतर विमानात बसायला जो नियम, एका डाइव्हनंतर १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर १८ तास, तो सुमारे ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी आहे. आंबोली ६९० मीटरवर. सांगली स्वतः साडेपाचशेच्या आसपास असली तरी घाटमाथा ओलांडल्याशिवाय घर येत नाही, आणि साताऱ्याचा तर मुक्कामच सातशेच्या वर. शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी दुपारी संपवा, रात्री खालीच राहा, दुसऱ्या दिवशी अठरा तास भरल्यावर निघा. घरी आल्यावर सांधा दुखायला लागला, हातापायाला मुंग्या आल्या, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून झोपू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की कालपर्यंत डायव्हिंग करत होते.

निघण्यापूर्वी डायव्हिंगचा मेडिकल फॉर्म छातीच्या डॉक्टरांना दाखवून सही घ्या, विशेषतः लहानपणी दमा असेल तर. विमा डायव्हिंगचा वेगळा काढा, ‘डॅन’सारख्या डायव्हरांच्या संस्थेचा; साध्या प्रवासी विम्यात प्रेशर चेंबरचा (अशा बुडबुड्यांवर उपचार करायच्या दाबाच्या खोलीचा) खर्च बहुधा बसत नाही आणि अमेरिकेत तो खर्च परवडणारा नाही. मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचा न्या. भाला, डबा आणि काटा न घुसणारे हातमोजे इथून नेऊ नका. तिकडे पहिले काही दिवस दुकानातून भाड्याने किंवा उसने घेऊन तीन-चार लांबीचे भाले हाताळून बघा आणि मग त्यातला सगळ्यात आखूड, तुमच्या हाताला झेपेल तो विकत घ्या.